नाव घ्या नाव!

मागच्या महिन्यात बहिणीकडे भाचीच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगी अणुकेंद्रीय भौतिकशास्त्रात पीएच.डी. करते. माणसं चांगली, देण्याघेण्याचा आग्रह नाही. सगळं ठरल्यासारखंच होतं. उठता उठता मुलाच्या आत्याबाईंनी सहज विचारलं, "तांदळात नाव काय काढायचं ठरवलंय?" आणि आमची कन्यका म्हणाली, "नाव नाही बदलायचं मला. माझे सहा पेपर छापून आलेत."

बैठकीत एकदम शांतता. बहिणीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे मीच शिकवून ठेवलंय!

खरं सांगते मैत्रिणींनो, पेपरांचा आणि नावाचा संबंध मलाही तेव्हा कळला नव्हता. मी आर्ट्सची, दहावीनंतर भौतिकशास्त्राशी माझा संबंध संपला. रात्री भाचीनं समजावून सांगितलं. संशोधक जे शोधतो ते तो शोधनिबंधात छापतो. पुढे दुसऱ्या कुणाला त्याचा उपयोग झाला, की तो आपल्या निबंधात पहिल्याचा उल्लेख करतो. म्हणजे आपल्याकडे नाव घेतात ना, तसंच. किती जणांनी नाव घेतलं याची मोजदाद होते. २००५ साली हर्श नावाच्या शास्त्रज्ञानं त्यावर एक आकडा काढला, त्याला एच-इंडेक्स म्हणतात. समजा, सहा निबंध आहेत आणि प्रत्येकाचा किमान सहा वेळा उल्लेख झालाय, तर आकडा सहा. पण त्यातले तीन माहेरच्या नावावर आणि तीन सासरच्या नावावर असले तर? कॉम्प्युटरला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. दोघींचा आकडा तीन-तीन! नोकरीच्या मुलाखतीत हाच आकडा बघतात.

मला हसू आलं नाही. बचत गटाच्या कामात हेच तर बघते मी. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, बँकेत तिसरंच. आणि ती बाई "मीच ती" हे सिद्ध करत हेलपाटे घालते.

मग भाचीनं मला बिभा चौधुरींची गोष्ट सांगितली, ती काही डोक्यातून जात नाही. १९१३ साली कोलकात्यात जन्म. १९३६ मध्ये कलकत्ता विद्यापीठातून एम.एस्सी. झाल्या, तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी. मग डी. एम. बोस यांच्यासोबत बोस इन्स्टिट्यूटमध्ये काम. दोघांनी दार्जिलिंग, संदकफूसारख्या उंच जागी फोटोच्या काचा ठेवल्या. आकाशातून येणाऱ्या किरणांमधले कण त्या काचांवर रेघ उमटवून जातात. त्या रेघांवरून एका नव्या कणाचं वजन त्यांनी काढलं, इलेक्ट्रॉनच्या साधारण दोनशे पट. १९४० ते १९४२ या काळात 'नेचर'सारख्या नामांकित नियतकालिकात हे काम छापूनही आलं. पण महायुद्ध चालू होतं, चांगल्या प्रतीच्या काचा मिळेनात, आणि काम तिथंच थांबलं.

पुढे इंग्लंडमध्ये सेसिल पॉवेल यांच्या गटानं चांगल्या काचा वापरून १९४७ मध्ये पायॉन नावाचा कण शोधला. १९५० चं नोबेल पॉवेल यांना मिळालं. त्यांनी चोरलं असं मी म्हणणार नाही. त्यांचं काम अधिक अचूक होतं, आणि १९५९ च्या आपल्या ग्रंथात बोस-चौधुरींच्या कामाची नोंदही त्यांच्या गटानं केली आहे. नाव घेतलं गेलं, पण किती जणांनी मागं वळून बघितलं की हे चौधुरी कोण? ती बाई आहे, हे तरी किती जणांना कळलं असेल? त्यातून गंमत बघा, छापील निबंधात त्यांचं नाव कुठं बिवा, कुठं बिभा, आडनावाचं स्पेलिंगही एकसारखं नाही. आणि त्यांनी तर लग्नही केलं नव्हतं!

मँचेस्टरहून १९४९ मध्ये त्या मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आल्या, तिथल्या पहिल्या महिला संशोधक. आपल्या मुंबईत! पण आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांचं नाव मला तरी कधी दिसलं नाही. १९९१ मध्ये त्या गेल्या. त्यांच्यावर पुस्तक आलं २०१८ मध्ये, आणि २०१९ मध्ये एका ताऱ्याला त्यांचं नाव मिळालं, 'बिभा'.

आता २०१२ पासून संशोधकांना ऑर्किड नावाचा सोळा आकडी क्रमांक मिळतो, फुकट. नाव बदललं तरी क्रमांक तोच. भाचीनं तो कधीच घेतलाय. मग बदल की नाव, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "मावशी, माणसं नावानं ओळखतात गं, नंबरानं नाही." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हे मात्र मी बहिणीला ठणकावून सांगितलं. आवडीनं बदलणारीनं जरूर बदलावं, मीही बदललंय. पण विचारायचं तरी मुलीला आधी, तांदूळ नंतर पसरायचे.

परवा मुलाच्या आईचा फोन आला. त्या स्वतः शिक्षिका. म्हणाल्या, "तांदळात तिचंच नाव काढू. पण उखाणा मात्र घ्यावा लागेल हं तिला!"

भाची तयारीला लागली आहे. न्यूट्रॉनला यमक काही सापडत नाहीये.