गंधकुटीचा पत्ता

ब्यूटी कॉलम लिहिणाऱ्या बाईचं नाकच बंद पडलं तर तिनं काय करावं? हसू नका, माझं झालंय. एप्रिल २०२१. कोविडमधून बरी झाले. ताप गेला, खोकला गेला आणि जाता जाता वासही घेऊन गेला. नाक आपलं जागेवर, पण निव्वळ शोभेला. टेबलावर नवी कोरी क्रीम्स मांडलेली, रिव्ह्यू द्यायचाय, आणि लॅव्हेंडर काय नि रोझ काय, सगळं एकच : गार आणि चिकट!

पुढे तर आणखी मजा. वास परत यायला लागले, पण भलतेच. कॉफीला जळक्या रबराचा वास आणि कांद्याच्या फोडणीला गटाराचा. डॉक्टरांनी याचं ‘पॅरॉस्मिया’ असं गोंडस नाव सांगितलं आणि चार बाटल्या हुंगायला लावल्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ, न चुकता. हे खूळ नाही बरं का. जर्मनीत थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच चार वासांची १२ आठवड्यांची तालीम रुग्णांकडून करून घेतली होती. २००९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तालीम करणाऱ्यांचं नाक न करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलं, असा निष्कर्ष निघाला होता.

मी मात्र लवकरच कंटाळले. जिमचं जे होतं तेच नाकाच्या जिमचं झालं. दिवाळीच्या तोंडावर सोयगावहून मावशीचा फोन आला, “बाटल्या हुंगून काय होतंय? इकडे ये चार दिवस.”

सोयगाव म्हटलं की ऑफिसात हमखास प्रश्न येतो, “ते कुठे आलं?” अहो, अजिंठ्याची लेणी ज्या तालुक्यात आहेत ना, तो आमचा सोयगाव तालुका. जिल्हा छत्रपती संभाजीनगर, पण घाट उतरलात की खानदेशाचा वारा लागतो. कापसाची शेतं, मागे अजिंठ्याची डोंगररांग आणि मावशीच्या अंगणात पारिजातक.

पारिजातकाचं टायमिंग नाइट शिफ्टवाल्यांसारखं. संध्याकाळी उमलायचं, पहाटे गळून पडायचं. म्हणून मावशी रात्रीच झाडाखाली जुनी चादर अंथरून ठेवते. सकाळी तिनं ओंजळभर फुलं माझ्या नाकाशी धरली. “आलं का काही?” काहीच आलं नाही. ते केशरी देठ, त्या पांढऱ्या पाकळ्या, सगळं एखाद्या फोटोसारखं दिसत होतं. तिचं मन मोडायला नको म्हणून मी म्हटलं, “हो गं, किती छान!”

मग तिनं एक झाकलेली डबी पुढे केली. मी डोळे मिटून जोरात श्वास घेतला. “मस्त! चंदन ना?” डोळे उघडले तर डबी रिकामी. मावशी हसली नाही. “पोरी, माझ्याशी खोटं बोल हवं तर. नाकाशी बोलू नकोस.”

दुसऱ्या दिवशी ती मला डोंगराच्या उतारावर घेऊन गेली. कमरेएवढ्या वाळत चाललेल्या गवतातली एक काडी तोडून तिनं तळहातावर चुरगळली. “तिखाडी. हुंग.” आणि खोटं नाही सांगत, काहीतरी आलं. वास म्हणवत नाही, वासाची सावली म्हणू या. डॉक्टरांच्या गुलाबाच्या बाटलीशी कुठेतरी नातं असलेली.

ते नातं खरंच आहे. तिखाडी म्हणजेच रोशा गवत. त्याच्या तेलात जिरॅनिऑल नावाचं द्रव्य भरपूर असतं आणि गुलाबाच्या सुगंधातही तेच एक मुख्य द्रव्य. एकोणिसाव्या शतकात खानदेशात या गवताच्या भट्ट्या लागायच्या. तेल मुंबईमार्गे तांबड्या समुद्रातून तुर्कस्तानात जायचं, तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं आणि पुढे युरोपातल्या बायका ते खरा गुलाब म्हणून मनगटाला लावायच्या. थोडक्यात काय, पॅरिसच्या फॅशनला आमच्या गवताचा हात लागलेला आहे! मोठी भेसळच ती, पण भेसळीतला मालही शंभर टक्के ‘नॅचरल’ होता, हे लक्षात ठेवा. या शब्दाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

दुपारी अजिंठा. लहानपणापासून किती वेळा पाहिला असेल, पण या वेळी वेगळाच दिसला. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या हातात कमळ. दुसऱ्याच्या छतावर फुलांची नक्षी. सतराव्या लेण्यात ती प्रसिद्ध राजकन्या, हातात आरसा धरून नटणारी, भोवती चवरी आणि प्रसाधनाचं साहित्य घेऊन उभ्या दासी. दीड हजार वर्षांपूर्वीचं ब्यूटी पार्लर म्हणा ना! आणि मला वाटलं, आज इथे सगळे माझ्यासारखेच. फुलं दिसतात, वास कुणालाच येत नाही.

याच सतराव्या लेण्याबाहेर पाचव्या शतकातला एक संस्कृत शिलालेख आहे. लेणं कोरवून घेणाऱ्या स्थानिक राजानं त्याच्या पश्चिमेला एक भव्य ‘गंधकुटी’ही करवल्याचा उल्लेख त्यात येतो. अभ्यासक ती गंधकुटी म्हणजे एकोणिसावं लेणं मानतात. श्रावस्तीच्या जेतवनात बुद्धाची राहण्याची जी खोली होती, तिला गंधकुटी म्हणत, कारण लोक तिथे रोज फुलं आणून वाहायचे. पुढे बुद्धाच्या वास्तूलाच ते नाव मिळालं. विचार करा, जगातल्या इतक्या मोठ्या माणसाच्या खोलीला त्याच्या पदवीवरून किंवा उपदेशावरून नाही, तर तिथल्या वासावरून नाव पडलं. आपल्यालाही आजीची खोली आठवते ती तशीच.

आपल्याकडे हा विषय भलताच सीरियसली घेतला जायचा. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त सुगंध बनवण्यावर अख्खा अध्याय लिहिला. १६ द्रव्यांमधून चार-चार निवडली तर १८२० प्रकार होतात, असा चक्क हिशेब मांडला. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ हे विस्मरणात गेलेले ग्रंथ अभ्यासकांसमोर आणले. त्यातल्या ‘गंधवादा’वर जुनी मराठी टीकाही आहे. म्हणजे अत्तराचं शास्त्र आपल्या भाषेत लिहून ठेवणारं कुणीतरी होतं!

असो. नरकचतुर्दशीची पहाट. मावशीचं उटणं घरचं. वाळा, गव्हला कचोरा, आंबेहळद, वाळवलेल्या गुलाबपाकळ्या, थोडं चंदन आणि नागरमोथा. बाजारातलं पाकीट तिच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. तेल जिरवून झालं, दुधात कालवलेलं उटणं अंगाला लागलं, वर गरम पाण्याचा पहिला तांब्या पडला आणि वाफेबरोबर एकदम काहीतरी नाकात शिरलं. ओल्या मातीसारखं, मुळांसारखं, जरा लाकडी. गुलाब नाही, चंदन नाही. फक्त तेवढंच एक.

“मावशी, मातीसारखं काय आहे यात?” मी न्हाणीघरातून ओरडले.

बाहेर थोडा वेळ शांतता. मग तिचा आवाज आला, “नागरमोथा.” आणि नाक ओढल्याचा आवाज. तिचं नाक, अर्थातच, शाबूत आहे. लव्हाळ्याच्या कुळातली ही मुळाची गाठ. शेतातल्या लव्हाळ्याला शेतकरी शिव्या घालतो, आणि माझ्याकडे सगळ्यात आधी परत आलं ते त्याचंच भाऊबंद.

आता तुमच्यासाठी कामाचं. नाक बंद असताना मला एक चांगली सवय लागली, बाटलीची पाठ वाचायची. समोर गुलाबाचं चित्र आणि ‘नॅचरल’ असं ठळक अक्षरात असतं, पण घटकांची यादी साधारण प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं असते. तिच्यात गुलाबाचा अर्क शेवटी कुठेतरी आणि त्याच्या आधी ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ हा एकच शब्द दिसला, तर समजा की सुगंध बहुतेक त्या शब्दातून येतोय. त्या एका शब्दामागे डझनावारी द्रव्यं लपू शकतात. आणि नॅचरल म्हणजे निरुपद्रवी, हा गैरसमज आजच सोडा. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी काळवंडू शकते. सुगंधी तेलं खोबरेल किंवा तिळाच्या तेलात पातळ केल्याशिवाय लावायची नाहीत. काहीही नवं असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. घरच्या उटण्याच्या डब्यात ओला चमचा घालू नका, बुरशी येते. आणि गजरा घेताना मोगऱ्याच्या कळ्या बंद दिसल्या तर गजरेवालीशी भांडू नका. त्या संध्याकाळीच उमलतात, खरा घमघमाट तेव्हाच.

माझं म्हणाल तर सगळं परत आलेलं नाही. कॉफी सुधारली, कांद्याशी तह झाला. पारिजातक मात्र अजून कधी येतो, कधी नाही. पण मावशी दर ऑक्टोबरात फोन करते. हॅलो नाही, कशी आहेस नाही, थेट विचारते, “आलं का काही?”

आणि मी तिला खरं काय ते सांगते.