ठोसा चुकविणारे वीर

मुष्टियुद्धाचे वर्णन वाचताना आपले लक्ष कोठे जाते? कोणी कोणाला एका ठोशात खाली पाडले, कोणाच्या मुठीत किती बळ होते, याकडेच ते जाते. ठोसा मारणाऱ्याचे नाव सर्वतोमुखी होते. परंतु जो ठोसा लागलाच नाही, त्याची आठवण कोण ठेवतो? माझ्या मते या खेळातील अधिक कठीण विद्या मारण्याची नसून चुकविण्याची आहे. म्हणून गेल्या शतकातील मुष्टियोद्ध्यांची पारख या विद्येवरूनही केली पाहिजे.

ही विद्या म्हणजे रिंगणभर पळत सुटणे नव्हे. हुतुतूमध्ये मध्यरेषेजवळ घुटमळून परत येणारा गडी सुरक्षित राहतो खरा, पण त्याला कोणी चपळ म्हणत नाही. प्रतिपक्षात खोल शिरून, गडी बाद करून जो निसटतो, त्याचेच कौतुक होते. मुष्टियुद्धातही तसेच आहे. प्रतिस्पर्ध्याच्या हाताच्या टप्प्यात उभे राहावे, त्याचा ठोसा अडवावा किंवा मस्तक किंचित बाजूस करून तो वाया घालवावा, आणि त्याचा तोल गेला की तत्क्षणी आपला ठोसा द्यावा, हा खरा बचाव होय. तेव्हा माझ्या कसोट्या तीन आहेत. योद्धा टप्प्यात राहून बचाव करीत होता काय? त्या बचावातून तो विजय मिळवीत होता काय? आणि त्याचे प्रतिस्पर्धी तुल्यबळ होते काय?

पहिले नाव जॅक जॉन्सन याचे. त्याचा जन्म १८७८ साली अमेरिकेतील गॅल्व्हस्टन येथे झाला. त्याच्या आईवडिलांनी गुलामगिरी भोगली होती. तो कृष्णवर्णीय असल्यामुळे गोरे विजेते त्याच्याशी लढण्याचे टाळीत. अखेर २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे टॉमी बर्न्सचा पराभव करून तो सर्वांत वरच्या वजनगटाचा जगज्जेता झाला. समोरच्याचा ठोसा वाटेतच पंजाने थोपविण्यात त्याचा हातखंडा होता. तथापि जॉन्सन धिप्पाड होता, आणि बर्न्स त्याच्यापुढे बराच ठेंगणा होता. त्यामुळे त्याच्या यशात कला किती आणि देहबळ किती, हे वेगळे करणे अवघड जाते.

दुसरा अर्जेंटिनाचा निकोलिनो लोचे. तो दोरांना टेकून उभा राही आणि केवळ कमरेच्या व मानेच्या हालचालींनी ठोसे चुकवी. १२ डिसेंबर १९६८ रोजी टोकियो येथे जगज्जेत्या पॉल फुजीचे ठोसे फेरीमागून फेरी हवेत गेले. शेवटी हताश झालेला फुजी दहाव्या फेरीसाठी उठलाच नाही. पाहणाऱ्याला सर्वाधिक आनंद कोणी दिला असे विचाराल, तर मी लोचेचेच नाव घेईन. परंतु त्याच्या बहुतेक लढती स्वदेशातच झाल्या. तिसऱ्या कसोटीवर तो थोडा उणा पडतो.

म्हणून माझा कौल अमेरिकेच्या विली पेपला आहे. पेपने २४१ लढतींपैकी २२९ जिंकल्या. १९४६ सालच्या एका लढतीत त्याने एकही ठोसा न मारता एक फेरी जिंकली, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती वादग्रस्त असल्यामुळे मी तिचा आधार घेत नाही. आणि पेपला तिची गरजही नाही. जानेवारी १९४७ मध्ये विमान अपघातात त्याच्या पाठीचे व पायाचे हाड मोडले. तरी त्याच वर्षाच्या जूनमध्ये तो पुन्हा रिंगणात उतरला. ऑक्टोबर १९४८ मध्ये सँडी सॅडलरने त्याला चौथ्या फेरीत लोळविले. सॅडलर त्याच्याहून उंच होता आणि त्याच्या ठोशात विलक्षण जोर होता. असे असूनही ११ फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्क येथे पेप त्याच सॅडलरसमोर उभा राहिला. पंधरा फेऱ्या तो आत शिरत, ठोसा देत आणि बाजूस सरत राहिला, आणि गमावलेले विजेतेपद त्याने परत मिळविले. त्या रात्री त्याचा चेहरा जखमांनी भरला होता. कोणी म्हणेल, मग हा कसला बचाव? मी म्हणेन, दुबळ्यापुढे अंगाला धक्का लागू न देणे सोपे आहे. ज्याने आपल्याला एकदा पाडले, त्याच्या टप्प्यात शिरून बुद्धी स्थिर ठेवणे, हीच बचावाची परमावधी होय.

पुढे सॅडलरने त्याला आणखी दोनदा हरविले, हेही सांगितले पाहिजे. आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. २००६ साली पेप निवर्तला, तो स्मृतिभ्रंशाने ग्रासलेला असताना. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांनी मेंदूला कायमची इजा होऊ शकते, हे आज वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. एवढी निपुणता असलेल्या योद्ध्यालाही सगळे ठोसे चुकविता आले नाहीत. म्हणूनच एखादी लढत पाहताना कोणी खाली पडला की आपण टाळ्या वाजवितो, तशाच टाळ्या एखादा ठोसा हवेत विरला तरीही वाजविल्या पाहिजेत. कारण त्या क्षणी एक माणूस इजेपासून वाचलेला असतो.