लोकवैद्यकाचे संशोधन : माहितीदार की भागीदार?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात, शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे आणि वनात राहणारे इतर लोक औषधींची नावे व रूपे जाणतात, असे म्हटले आहे. लगेच पुढे, केवळ नाव व रूप जाणल्याने औषधीचे संपूर्ण ज्ञान होत नाही, जो तिचा योग जाणतो तोच तत्त्ववेत्ता, असेही सांगितले आहे. महाविद्यालयात हा भाग शिकताना आपण बहुतेकांनी त्याचा सोयीस्कर अर्थ लावून घेतला. नाव-रूप गुराख्याचे आणि योग मात्र आपला! हा अर्थ कितपत खरा, याची शंका आम्हांस आली ती स्वतःच्याच एका फजितीमुळे.

बी.ए.एम.एस. होऊन दोनएक वर्षे झाली असताना आम्ही घाटमाथ्यावरील एका महादेव कोळी वाडीत काविळीवरील स्थानिक उपचारांची माहिती गोळा करण्यास गेलो होतो. हाती छापील प्रश्नावली, खांद्याला कॅमेरा आणि मुक्काम अवघा दोन दिवसांचा. एका वृद्ध आजींनी एक मूळ खणून दाखविले, नाव सांगितले. आम्ही ते वहीत उतरविले, नमुना कागदात दाबून घेतला आणि पुढे एका परिसंवादात निबंध वाचला. त्यात एक वाक्य आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते: ‘मात्रा, काल व अनुपान यांविषयी माहितीदारांस निश्चित ज्ञान नाही.’ निबंधास प्रशस्तिपत्र मिळाले. ते चिकित्सालयाच्या भिंतीवर अद्याप आहे.

पुढे काही वर्षांनी त्याच वाडीत दरमहा रुग्णतपासणीस जाण्याचा योग आला. वर्षभराने आजींनी आपण होऊन सांगितले की ते मूळ कोणत्या ऋतूत खणावे, किती द्यावे, कशाबरोबर द्यावे आणि गर्भिणीस का देऊ नये. मग हे सर्व पहिल्या खेपेस का सांगितले नाही, असे विचारता त्या म्हणाल्या, “तवा तुम्ही कागद भराया आले होते, डाक्टर. दुखणं बघाया नव्हते आले.”

म्हणजे योग त्यांच्याकडे होता. आम्हांस मिळाले ते नाव आणि रूप. त्या मुळाचे नाव आम्ही येथे लिहिलेले नाही, त्याचे कारण पुढे येईलच.

या अनुभवाकडे केवळ शिष्टाचाराचा प्रश्न म्हणून पाहता येणार नाही. आमचा निबंध असभ्य होता त्यापेक्षा तो चुकीचा होता, हे अधिक गंभीर आहे. गर्भिणीविषयीचा निषेध गाळून एखादी वनस्पती ‘काविळीवर उपयुक्त’ म्हणून छापली गेली आणि ती वाचून कोणी वैद्याने वापरली, तर उत्तरदायी कोण? विश्वासावाचून मिळालेली माहिती अपुरी असते आणि अपुरी माहिती चिकित्सेत अपायकारक ठरते.

लोकज्ञानाच्या भागीदारीचा विषय निघाला की केरळातील काणी जमातीचे उदाहरण हटकून दिले जाते. १९८७ मध्ये अगस्त्य पर्वतात वनस्पतींचे सर्वेक्षण करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की, सोबतचे काणी वाटाडे एक रानफळ खात राहतात आणि चढणीवर थकत नाहीत. वाटाड्यांनी प्रथम सांगण्यास टाळाटाळ केली, नंतर ‘आरोग्यपच्चा’ ही वनस्पती दाखविली. तिच्या पानांपासून तिरुवनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने ‘जीवनी’ हे औषध सिद्ध केले. कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीस निर्मितीचा परवाना देण्यात आला. परवाना शुल्क १० लाख रुपये व विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन ठरले आणि त्याचा अर्धा वाटा काणींना देण्याचा निर्णय झाला. त्यासाठी १९९७ मध्ये काणींचा विश्वस्त निधी नोंदविला गेला. त्या काळी हे अपूर्वच होते आणि त्याचे श्रेय संबंधितांस दिलेच पाहिजे.

तथापि या कथेचा उत्तरार्ध आपल्या सभांमधून क्वचितच सांगितला जातो. बोलणी झाली ती मोजक्या लोकांशी. काणींच्या वस्त्या मात्र अनेक आणि विखुरलेल्या. जमातीतील काही पारंपरिक वैद्यांनी हे ज्ञान असे बाहेर देण्यासच आक्षेप घेतला. वनस्पती अतितोडीने संपेल या भीतीने वनखात्याने संकलनास अटकाव केला, तेव्हा पानांचा पुरवठाही अडला. पैशाचा वाटा ठरला होता, परंतु निर्णयातील वाटा आरंभी ठरलाच नव्हता. आमच्या मते खरी उणीव तेथे आहे.

उलट मार्ग आपल्या राज्यातच पाहावयास मिळतो. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ संस्था स्थापन केली. तेथील रुग्णालय गोंड गावासारखे बांधले गेले आणि त्यास माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले, ते लोकांना विचारून. नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा त्यांचा अभ्यास ३९ गावांत झाला. गावातल्याच स्त्रियांनी आरोग्यदूत म्हणून बालकांची काळजीही घेतली आणि नोंदीही ठेवल्या. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. नोंद ठेवणारी बाई त्याच गल्लीत राहणारी असल्यावर मृत्यू लपत नाही, हे संशोधनदृष्ट्याही ध्यानात घेण्याजोगे आहे.

औषधनिर्मात्या बंधूंचा प्रश्न आम्हांस ठाऊक आहे: कायदा काय म्हणतो? जैवविविधता कायदा २००२ चा. भारतीय उत्पादकांनाही लाभाचा वाटा देणे बंधनकारक आहे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. २०२३ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे, ग्रंथोक्त ज्ञानास तसेच नोंदणीकृत आयुष चिकित्सकांस सूट मिळाली. या सुटीचे आपल्याकडे पेढे वाटून स्वागत झाले. परंतु वाडीवरील आजींचे ज्ञान ग्रंथोक्त नाही. ते आपण पाठांतरात एखाद्या श्लोकाशी जुळवून ‘ग्रंथोक्त’ करून घेणार असू, तर ती चलाखी ठरेल, शास्त्र नव्हे.

आमची सूचना साधी आहे. या अंकात लोकोपचारांवरील जे लेख येतात, त्यांसोबत तीन गोष्टी लेखकाने लिहून द्याव्यात: माहिती कोणाच्या संमतीने छापली, लेखाचा मसुदा त्या वस्तीत मराठीत वा त्यांच्या बोलीत वाचून दाखविला काय, आणि तेथून कोणती दुरुस्ती आली. संमती व्यक्तीची हवीच, परंतु ज्ञान अनेकांचे असेल तेथे ग्रामसभेचीही घ्यावी. फार्मसीचालकांनी रानातून येणाऱ्या कच्च्या मालाबाबत दलालास भाव विचारतो तसे, तोडणी कोणी व कोणत्या ऋतूत केली हेही विचारावे. यात वेळ जाईल, काही लेख छापावयाचे राहतील. राहू द्यावेत.

आजी आता हयात नाहीत. त्यांच्या सूनबाई तेच औषध देतात. आमचा जुना निबंध आम्ही त्यांस वाचून दाखविला, तेव्हा ‘निश्चित ज्ञान नाही’ या वाक्यास त्या पुष्कळ हसल्या. नाव छापण्याविषयी वाडीच्या बैठकीत विचारून सांगते, असे त्या म्हणाल्या आहेत. होकार आला तर पुढील अंकात ते त्यांच्या नावासह देऊ, नकार आला तर देणार नाही.