कलादालनाचा निर्णय कोणाच्या हाती?

मुंबईच्या 'नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट'मध्ये ८ फेब्रुवारी २०१९ रोजी दिवंगत चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्‌घाटनप्रसंगी ज्येष्ठ अभिनेते व दिग्दर्शक अमोल पालेकर यांना भाषणाच्या मध्येच रोखण्यात आले. बरवे यांच्याविषयीच बोलावे, अशी सूचना त्यांना व्यासपीठावरून करण्यात आली. या प्रसंगाची देशभर चर्चा झाली. मात्र पालेकर यांनी मांडलेला मुद्दा काहीसा मागे पडला.

तो मुद्दा मुंबईइतकाच बंगळूरुशीही निगडित होता. १९५४ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या या संस्थेची केंद्रे मुंबईत १९९६ मध्ये, तर बंगळूरुच्या माणिक्यवेलू हवेलीत २००९ मध्ये सुरू झाली. खर्च केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाचा असला, तरी प्रदर्शनांबाबत स्थानिक कलावंतांच्या समित्या सल्ला देत. या दोन्ही समित्या रद्द करण्यात आल्या असून यापुढे निवड दिल्लीतून होईल, असा पालेकर यांचा आक्षेप होता. समित्यांची मुदत संपली होती, असे उत्तर शासकीय पातळीवरून देण्यात आले. तांत्रिकदृष्ट्या ते बिनचूक असेलही. परंतु मुदतीची तारीख आधीच ठाऊक असताना नव्या समित्या वेळेवर का नेमल्या गेल्या नाहीत, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

जिगणी आणि अट्टीबेले येथील कारखान्यांमुळे ओळखला जाणारा आनेकल तालुका बंगळूरु नगर जिल्ह्यातच मोडतो. तेथील एखाद्या होतकरू चित्रकाराचे काम बंगळूरुतील समितीचे सदस्य सहज जाऊन पाहू शकतात. दिल्ली तेथून २,००० किलोमीटरहून अधिक दूर आहे. राष्ट्रीय कलेचे चित्र केवळ राजधानीतून रेखाटले गेले, तर त्यात आनेकलला जागा मिळणे कठीणच.

अर्थात, मुंबईतील दालन बंद पडले नाही. सुधीर पटवर्धन यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन २०१९ च्या अखेरीस तेथेच भरले. त्यामुळे सरसकट गळचेपीचा आरोप टिकणारा नाही. निवडीचा अधिकार कोणाकडे, हा वाद मात्र कायम राहतो.

महाराष्ट्रालाही तो नवा नाही. कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार राज्य शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. त्याच्या निषेधार्थ प्रज्ञा दया पवार व नीरजा या लेखिकांनी साहित्य आणि संस्कृती मंडळाचे सदस्यत्व सोडले.