बारा डिस्कचा बॉक्स

घरात डीव्हीडी प्लेयर नाही, लॅपटॉपला डिस्क घालायची खाच नाही, आणि मी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिन्ही चित्रपटांचा बारा डिस्कचा बॉक्स विकत घेतला. जुना, पण ओरखडे नसलेला. वर यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह वेगळा. वर्गातली मैत्रीण म्हणाली, "खुळी काय तू? मोबाईलवर हाय की सगळं!" आईच्या हिशोबाने एवढ्या पैशांत दिवाळीचा ड्रेस आला असता. आईचा हिशोब बरोबर आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते मैत्रिणीच्या 'सगळं' या शब्दावर.

मोबाईलवर सगळं नसतं. जे असतं त्यातलंही आपलं काही नसतं.

आधी पहिली गोष्ट. हे तीन चित्रपट 2001, 2002 आणि 2003 साली आले. थिएटरात दाखवले ते तिन्ही मिळून सव्वानऊ तासांचे होतात. बॉक्समधली वाढीव आवृत्ती साधारण साडेअकरा तासांची आहे. दोन तासांचा फरक म्हणजे एक अख्खा मराठी सिनेमा झाला. कुणी म्हणेल, कापलेलं ते टाकाऊच असणार. काही ठिकाणी खरंच तसं आहे. हॉबिटांच्या खाण्यापिण्याची चार दृश्यं नसती तरी चाललं असतं. पण दुसऱ्या भागातल्या फॅरामिरचं घ्या. थिएटरातला फॅरामिर बघून मला तो चिडका आणि दुबळा वाटला होता. अंगठी दिसली की हा तिच्या मागे का लागतो, काही कळत नाही. वाढीव आवृत्तीत एक आठवण आहे. दोन भाऊ शहर जिंकून आनंदात आहेत, तेवढ्यात बाप येतो. थोरल्याला मिठी मारतो आणि धाकट्याला सगळ्यांसमोर टाकून बोलतो. थोरल्याला अंगठी आणायला पाठवतो तोही हाच बाप. दोन-चार मिनिटांचं दृश्य आहे, पण ते बघितल्यावर फॅरामिरची प्रत्येक हालचाल वेगळी दिसायला लागते. त्याला अंगठी नको आहे, बापाची एक नजर हवी आहे. ज्याने हे दृश्य पाहिलेलंच नाही, त्याच्याशी फॅरामिरबद्दल वाद घालायचा तरी कसा?

सारुमानचं तर त्याहून नवल. दोन चित्रपटभर हा जादूगार मुख्य खलनायकांपैकी एक आहे, आणि थिएटरातल्या तिसऱ्या भागात तो दिसतच नाही. मनोऱ्यात कोंडलाय म्हणायचं आणि पुढे चालू. त्याचा शेवट चित्रित झाला होता, तो कापला गेला. सारुमान झालेला क्रिस्टोफर ली हा टॉल्किनला प्रत्यक्ष भेटलेला त्या चमूतला एकमेव नट, दरवर्षी हे पुस्तक वाचणारा माणूस. त्याला हे लागलं आणि त्याने ती नाराजी लपवली नाही. तो शेवट वाढीव आवृत्तीत आहे. तेव्हा मोबाईलवर बघायचं असेल तर जरूर बघा, पण समोर कोणती आवृत्ती लागली आहे ते मिनिटं मोजून पाहा. तिसरा भाग दोनशे मिनिटांच्या आसपास असेल तर सारुमान गायब आहे असं समजा. अडीचशेच्या आसपास असेल तर आहे.

आता दुसरी गोष्ट. ऍपचे पैसे भरतो म्हणजे आपण भाडं भरतो. भाड्यात वाईट काही नाही. माझा मामा सांगतो, त्यांच्या काळात सीडी भाड्याने आणायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत परत द्यायची. पण तेव्हा भाड्याला भाडंच म्हणत. मी एका ऍपवर एक मालिका निम्मी बघितली होती. महिना संपला आणि ती तिथून गेली. कुठे गेली, का गेली, कोण सांगणार? 'विकत घ्या' असं लिहिलेलं बटण दाबून घेतलेल्या गोष्टीही जाऊ शकतात. जुलै 2009 मध्ये ऍमेझॉनने वाचकांनी पैसे देऊन घेतलेली काही ई-पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर पुसली. पैसे परत केले, पण पुस्तक गेलं. आणि पुस्तक कोणतं, तर जॉर्ज ऑर्वेलचं '1984'. ज्या कादंबरीत नको असलेला मजकूर भोकात टाकून जाळतात, तीच. हा विनोद कुणी मुद्दाम केला असता तर आपण त्याला भडक म्हटलं असतं.

शिवाय चित्रपट जागच्या जागी बदलतातही. स्पीलबर्गने 'ई.टी.'मधल्या पोलिसांच्या हातातल्या बंदुका 2002 च्या आवृत्तीत काढून वॉकी-टॉकी दिले. पुढे त्याला स्वतःलाच ते पटेना, मग मूळ चित्र परत आणलं. ज्यांच्याकडे जुनी कॅसेट होती त्यांच्या घरी बंदुका तशाच होत्या.

हे सगळं परदेशातलं झालं. पण मला बॉक्स घ्यावासा वाटला तो निपाणीमुळे. माझी आजी तंबाखूच्या वखारीत कामाला होती. निपाणीच्या वखारीतल्या बायकांच्या लढ्यावर 1982 साली एक माहितीपट झाला, 'तंबाखू चाकिला ऊब आली'. युगांतर नावाच्या बायकांच्या फिल्म गटाने तो केला. दीपा धनराज त्यात होत्या. पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांवरचा 'मोलकरीण' त्याच गटाचा. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या अजून त्या संपाच्या गोष्टी सांगतात, पण त्यावर सिनेमा आहे हे मला कॉलेजात आल्यावर कळलं. कितीतरी वर्षं तो सहजासहजी बघायला मिळतच नव्हता. मग त्याची डिजिटल प्रत तयार झाली, तीही बर्लिनमधल्या एका संस्थेत. निपाणीच्या धुरळ्यातला सिनेमा जर्मनीत सांभाळला गेला. त्यांचे उपकारच आहेत. पण एकच प्रत, नुसती एक, इथल्या एखाद्या वाचनालयाच्या कपाटात असती तर?

कोल्हापूर तर आम्हाला बेळगावपेक्षा जवळ. तिथे बाबुराव पेंटरांनी 1920 मध्ये 'सैरंध्री' काढला, आणि त्यातला कीचकवध बघून लोक हादरले होते असं वाचायला मिळतं. वाचायलाच मिळतं, कारण पेंटरांचे बहुतेक चित्रपट आज उपलब्ध नाहीत. प्रभात कंपनी पुण्याला जाण्याआधी कोल्हापुरातच होती. 'माया मच्छिंद्र' 1932 चा, म्हणजे जादू, माया, स्त्रियांचं राज्य, सगळं काही असलेली आपली फॅन्टसी. न्यूझीलंडच्या डोंगरांआधी कितीतरी वर्षं हा खेळ पंचगंगेकाठी चालला होता. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात फिल्म संग्रहालयाच्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेटची जुनी रिळं जळाली, त्यांत प्रभातचीही होती. ज्या वर्षी फ्रोडो अंगठी घेऊन डोंगरावर पोचला, त्याच वर्षीची ही गोष्ट.

आणि आपल्या कॉलेजात हे सांगायलाच हवं : फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज कुठे सापडत नाही. तरी आपण अभ्यासक्रमात त्याच्या ओव्या वाचतो. कशा? लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्या होत्या म्हणून. त्यांवरून 1907 मध्ये मंगळूरला सालढाण्यांनी ते पुन्हा छापलं. मराठीतलं एवढं मोठं ख्रिस्ती काव्य टिकलं ते छापखान्यामुळे नव्हे, कुणीतरी आपली प्रत आपल्याजवळ ठेवली म्हणून.

पोथी आणि प्लास्टिकची डिस्क एका ओळीत बसवते म्हणून सर रागावतील. रागावू देत.

आता विरुद्ध बाजू. डिस्कही मरते. बेळगावच्या पावसाळ्यात चपलांना, पट्ट्यांना, पुस्तकांना जशी बुरशी येते तशी डिस्कलाही येते. कोरड्या डब्यात उभी ठेवायची, बोट कडेलाच लावायचं, पुसताना गोल न फिरवता मधून बाहेर पुसायचं. दुबईच्या मामाला सांगून बॉक्स मागवणार असाल तर थांबा : तिकडच्या डीव्हीडी रीजन 2 च्या, आपला देश रीजन 5 मध्ये. प्लेयर सगळे रीजन चालवणारा नसेल तर पडद्यावर नुसती सूचना येते. ब्ल्यू-रे घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की 2011 च्या वाढीव आवृत्तीत पहिल्या भागावर हिरवट झाक आली होती आणि चाहत्यांनी त्यावरून बरीच आरडाओरड केली होती. पुतळे, नकाशे, लाकडी पेटी असले महागडे संच विद्यार्थ्यांनी घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. आणि वरचं प्लास्टिक न फाडता बॉक्स शोकेसमध्ये ठेवणाऱ्यांनी त्यापेक्षा फुलदाणी ठेवावी.

किमतीचा मुद्दा खरा आहे, पण तो कायम असाच नव्हता. 2007 च्या सुमारास मोझर बेअरने भारतीय चित्रपटांच्या सीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना आणल्या होत्या. डुप्लिकेट सीडीवाल्यांच्या भावात अस्सल माल. 2018 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीतून थेट अवसायनात गेली. आता डिस्क म्हणजे शौकिनांची वस्तू, आणि शौकिनांची झाली की महागच होणार.

मला जास्त टोचतं ते भाषेचं. माझ्या बॉक्सवर भाषांची यादी आहे, तीत मराठी नाही. कन्नडही नाही. सीमाभागात पाट्यांवरून एवढी भांडणं होतात, पण या यादीपुढे दोघंही सारखेच बाहेर उभे. कर्नाटकात तर डबिंगलाच कितीतरी वर्षं विरोध होता. 2015 मध्ये स्पर्धा आयोगाने त्याबद्दल तिथल्या चित्रपट संघटनांना दंड केला. मराठीत निदान पुस्तक आहे. मुग्धा कर्णिक यांनी केलेला अनुवाद, 'स्वामी मुद्रिकांचा'. मी आधी चित्रपट पाहिला, मग हा अनुवाद वाचला, मग बॉक्स घेतला. आजीला मी चित्रपट मराठीत सांगत सांगत दाखवला. लढाया तिला कंटाळवाण्या वाटल्या. पण जोडीच्या डिस्कवर चित्रपट कसा केला त्याची माहिती आहे, ती तिने नीट बघितली. त्यात चिलखतं करणारे कारागीर प्लास्टिकच्या नळीच्या चकत्या कापून एकेक कडी हाताने जोडतात. आजी बराच वेळ त्यांच्या बोटांकडे बघत होती. मग म्हणाली, "ह्यास्नी हजारामागं किती देत असतील गं?" हा प्रश्न त्या बारा डिस्कवर कुणीच विचारलेला नाही.

म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येकाने बॉक्स घेऊ नये. मंडळाने घ्यावेत, वर्षाला एक. ग्रंथालयाच्या कपाटात एक कप्पा मागून घ्यावा. पहिला माझा, तो मी देते. पुढच्या वर्षी प्रभातचे जे मिळतील ते चित्रपट. निपाणीचा माहितीपट रीतसर मागवता येतो का, तेही मंडळाच्या कार्यकारिणीने पत्र लिहून बघावं; पत्राचा मसुदा मी करते.

सभागृहात दाखवायला कायदा आडवा येईल असं काहींना वाटतं, कारण बॉक्सवर 'फक्त घरगुती वापरासाठी' असं छापलेलं असतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 52 वं कलम वाचा. शिक्षणसंस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून, प्रेक्षक फक्त विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं एवढेच असतील, तर चित्रपट दाखवणं हा भंग धरत नाहीत. बाहेरच्यांना बोलवायचं नाही आणि तिकीट तर नकोच.

तीन शनिवार पुरतील. पहिला भाग साडेतीन तासांचा, दुसरा पावणेचार, तिसरा चार तासांच्या वर. प्रत्येक भाग दोन डिस्कवर आहे, त्यामुळे डिस्क बदलताना चहा आपोआप होतो. तिसऱ्या शनिवारी चर्चेला फादरांना बोलवावं. टॉल्किन कॅथलिक होता, आणि पुस्तकात अंगठी नष्ट होण्याची तारीख त्याने 25 मार्च दिली आहे, म्हणजे गब्रिएल मरियेला वर्तमान सांगतो तो सण. चित्रपटात ही तारीख कुठेच नाही. त्यावर ते बोलले तर ऐकायला आवडेल. फक्त सुरुवात सकाळी दहाला करा. संध्याकाळी सुरू केलं तर आम्हा निपाणीवाल्यांना सारुमान पडायच्या आत बस पकडायला उठावं लागेल.