फुकटचे वर्ष संपताना : छोट्या दुकानातील 'एआय'चा हिशेब

2026 चे लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. इंदूरमधल्या आपल्या अनेक व्यावसायिक कुटुंबांपुढे त्याच आठवड्यात वहीपूजनाबरोबर आणखी एक हिशेब येईल. ओपनएआय कंपनीने 4 नोव्हेंबर 2025 पासून भारतात 'चॅटजीपीटी गो' ही योजना नव्याने नोंदणी करणाऱ्यांना एक वर्ष मोफत दिली. त्याआधी तिचे शुल्क महिना 399 रुपये होते. जिओने जेमिनीची सशुल्क योजना 18 महिने आणि एअरटेलने पर्प्लेक्सिटीची एक वर्ष मोफत दिली. घरातल्या मुलांनी आग्रह धरला आणि फराळाचे घरगुती उद्योग, छापखाने, शिकवणी वर्ग, औषधांची दुकाने यांत ही साधने शिरली. काहींनी पुढचे पाऊल टाकून व्हॉट्सॲपवर आपोआप उत्तरे देणारी व्यवस्थाही बसवून घेतली.

आता मुदती संपतील आणि प्रश्न येईल : पैसे भरून हे चालू ठेवायचे का? आमच्या मते 399 रुपये ही या हिशेबातली सर्वांत लहान रक्कम आहे. मोठा खर्च बिलावर दिसत नाही, म्हणून तो आधी वहीत मांडायला हवा.

पहिली बाब कराची. अशा सेवांवर 18 टक्के जीएसटी लागतो. नियमित करदात्याला त्याचे इनपुट क्रेडिट मिळते, कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला मिळत नाही. 3,000 रुपयांची सेवा त्याला 3,540 रुपयांना पडते.

दुसरी बाब व्हॉट्सॲपची. फोनवरचे साधे बिझनेस ॲप मोफत आहे, पण आपोआप उत्तरे देणारी व्यवस्था ज्या सशुल्क सेवेवर चालते तिथे जुलै 2025 पासून दर संदेशामागे आकारणी आहे. ग्राहकाने आधी विचारले आणि 24 तासांत साधे उत्तर गेले तर शुल्क नाही. 'दिवाळीची ऑर्डर नोंदवा' असा जाहिरातीचा संदेश आपण होऊन दोन हजार जणांना पाठवला, तर दोन हजार वेळा पैसे लागतात.

तिसरी बाब आपल्या भाषेची. ही यंत्रणा मजकुराचे तुकडे करून वाचते आणि व्यावसायिक वापराचे बिल बहुधा तुकड्यांवर येते. मे 2024 मध्ये ओपनएआयने स्वतः दिलेल्या उदाहरणात एकाच मजकुराचे इंग्रजीत 27, तर मराठीत 96 तुकडे पडत होते. नव्या पद्धतीत ते अनुक्रमे 24 आणि 33 झाले. फरक बराच कमी झाला, पण संपला नाही. म्हणून सेवा विकणाऱ्याला विचारावे, की आत कोणती आवृत्ती आहे आणि मराठी-हिंदी संदेशांचा दर काय पडतो.

चौथी बाब सर्वांत मोठी : माणसाचा वेळ. उदाहरणादाखल एक हिशेब करून पाहू. महिना 3,540 रुपयांची सेवा घेतली. तिची उत्तरे तपासायला, दर बदलायला, चुका निस्तरायला मालकाची रोज 40 मिनिटे गेली. 26 दिवसांत ते साधारण 17 तास होतात. तासाला 150 रुपये धरले तरी 2,600 रुपये झाले. एकूण 6,140. दुसऱ्या बाजूला फोन घेणाऱ्या मदतनीस बाईंचा रोज दीड तास वाचला. तासाला 80 रुपयांप्रमाणे महिन्याचे 3,120 रुपये होतात. म्हणजे काम 'आपोआप' झाले आणि महिना तीन हजारांचा तोटाही झाला. दिवाळीच्या महिन्यात चौकश्या कितीतरी पटींनी वाढतात तेव्हा हेच गणित उलटू शकते. म्हणून आकडे प्रत्येकाने आपल्या दुकानाचेच घालावेत.

शिवाय यादी ताजी ठेवण्याचे काम कधी संपत नाही. 22 सप्टेंबर 2025 ला पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. गल्ल्यावरच्या माणसाला हे एकदा सांगितले की पुरते. यंत्राच्या यादीत मात्र प्रत्येक पाकिटाचा दर कोणीतरी बसून बदलावा लागतो, नाहीतर ते जुनाच भाव सांगत राहते.

चुकीचा भाव सांगितला तर जबाबदार कोण? कॅनडातल्या एका निकालाने याचे उत्तर दिले आहे. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने आजीच्या निधनामुळे प्रवास करणाऱ्या एका प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. चॅटबॉटच्या बोलण्याला आम्ही बांधील नाही, अशी बाजू कंपनीने मांडली. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने ती फेटाळली आणि कंपनीला सुमारे 812 कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. हा निकाल भारतात बंधनकारक नाही, पण ग्राहकाच्या दृष्टीने आपल्या गल्लीतही तोच न्याय आहे. तुमच्या नंबरवरून आलेला भाव हा तुमचाच शब्द असतो.

आणि त्या मदतनीस बाईंचे काय? आपल्या इंदुरी ग्राहकाचा संदेश असा असतो : "काकू, आधा किलो चकली, पिछली बार जैसी, कल शाम तक." यातले 'पिछली बार जैसी' म्हणजे तिखट कमी आणि आजोबांसाठी थोडी मऊ, हे फोन घेणाऱ्या बाईंना ठाऊक असते. ते कुठल्याच वहीत लिहिलेले नसते. त्यांना कमी केले की पगार वाचतो, पण ही माहितीही दाराबाहेर जाते. स्वीडनच्या क्लार्ना कंपनीने 2024 मध्ये आपला एआय सहायक 700 माणसांचे काम करतो असे जाहीर केले होते. 2025 मध्ये तिने ग्राहकसेवेसाठी पुन्हा माणसे घ्यायला सुरुवात केली. एवढ्या मोठ्या कंपनीला माघार परवडली. आपल्याकडे मोडलेली घडी पुन्हा बसवणे अवघड असते.

याचा अर्थ हे साधन टाकाऊ आहे असा नाही. खरेदीची बिले वाचून नोंदी तयार करणे, जाहिरातीचा मराठी मजकूर हिंदीत करणे, सरकारी पत्राचा अर्थ समजावून घेणे, अशी कामे ते पटकन करते. या कामांत नजर टाकून चूक पकडता येते आणि ती ग्राहकापर्यंत जात नाही. आमच्या मते सुरुवात तिथून करावी.

मुदत संपण्याआधी एवढे करता येईल. एकच काम निवडून महिनाभर वहीत दोन रकाने ठेवा : वाचलेली मिनिटे आणि तपासण्यात गेलेली मिनिटे. योजना घेताना कार्ड किंवा यूपीआयचा ऑटोपे जोडला असेल तर शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा, म्हणजे पैसे नकळत कापले जाणार नाहीत. ग्राहकांचे नंबर आणि पत्ते सरसकट कुठल्याही साधनात भरू नका. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा 2023 चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आणि दुकानात फोन घेणाऱ्या माणसाला या प्रयोगात सोबत घ्या. यंत्र कुठे चुकते हे सर्वांत आधी त्यांनाच कळेल.

वाचलेल्या मिनिटांचा रकाना मोठा निघाला तर पैसे खुशाल भरावेत. लहान निघाला तर मुलांना तो दाखवावा. आकडे समोर असले की घरातला वादही लवकर मिटतो.