बैलांच्या चौकशीआडचा वियोग



लढाईवर गेलेला पुरुष रमतो, वियोग सोसते ती बाईच, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत पटले नाही. पहिल्या महायुद्धातले शिपाई घरी लिहिताना बैल, पेरणी आणि कर्ज यांचेच विचारीत, हा त्यांचा पुरावा. पण पत्र लिही कोण? बहुतेक शिपाई निरक्षर. मजकूर पलटणीतल्या एखाद्या लिहित्या माणसाला सांगायचा, तो सेन्सॉरच्या हाताखालून जायचा आणि गावात मास्तर नाहीतर पोस्टमन तो सासूसासऱ्यांदेखत मोठ्याने वाचणार. त्यात बायकोसाठी काय घालणार, कपाळ! गाभण म्हशीच्या चौकशीतच काय ते आले.

त्याच युद्धात मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि उपाशी, आजारी कैद्यांना वाळवंटातून पायी हाकलले. अनेक जण वाटेतच गेले. ज्या घरी खबर पोचली नाही, तिथे कुंकू ठेवावे की पुसावे, हा पेच. शेत, सावकार, सासर सगळे मागे राहिलेल्या बायकोच्याच अंगावर, हे कबूल. पण तिला जात्यावर ओवीत मन मोकळे करता येई. बराकीत ती सोय नव्हती.

– एक वाचक, सातारा